आहेर कागदी फुलांचा

लग्नसराई आली की आपल्या वस्त्यांतून एकच हिशेब सुरू होतो. कोणाकडे किती घालायचे? ज्यांनी आपल्याकडे शंभर घातले, त्यांच्याकडे एकशे एक तरी गेले पाहिजेत! त्यात काही ठिकाणी आहेर माईकवरून पुकारतात. मग मोलमजुरी करणारी एखादी भगिनी शेजारणीकडून उसने घेते, नाहीतर लग्नालाच जात नाही. ही पुकारण्याची पद्धत बंद झालीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तोवर रिकाम्या हाताने कसे जायचे, हा प्रश्न उरतो. त्यावर आमच्या भाट्यात सहज जमणारा उपाय म्हणजे घरी केलेली कागदी फुले.

भाट्ये माडांचे गाव. नारळाचे संशोधन केंद्रच इथे १९५५ पासून आहे. चांगला माड वर्षाला १२ ते १४ झावळ्या टाकतो आणि एका झावळीला दोनशेच्या वर पाती असतात. प्रत्येक पातीत एक हीर. आपण त्यांचा खराटा बांधतो. शहरातल्या बायका फुलांच्या देठासाठी तार विकत आणतात, आपल्याला ती गरज नाही. हीर सुरीने तासून दोन दिवस सावलीत वाळवावा.

राहिला क्रेप कागद. त्याच्या एका घडीत काटकसरीने वीसेक गुलाब होतात. या कागदाला बारीक चुण्या असतात. पाकळी कापताना त्या बुडाकडून टोकाकडे उभ्या आल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर पाकळीला खोलगटपणा येत नाही आणि फूल चपटे दिसते. गुलाबाला लहान पाच-सहा व मोठ्या सात-आठ पाकळ्या घ्याव्यात. पाकळीचा मध्य दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणला की वाटीसारखा होतो. कडा पेन्सिलीवर गुंडाळून मुडपाव्यात. पहिली पाकळी हिराच्या टोकाभोवती घट्ट वळली की कळी झाली. बाकीच्या तिच्याभोवती एकेक लावाव्यात, दर वेळी दोऱ्याचे दोन वेढे द्यावेत. शेवटी हिरव्या कागदाची अरुंद पट्टी मैद्याची खळ लावून देठावर तिरकी गुंडाळत खाली न्यावी. पाने त्यातच अडकवावीत.

आपल्याकडची खरी अडचण दमट हवेची. खाऱ्या वाऱ्याने पाकळ्या मलूल पडतात, ओल्या हाताने रंग सुटतो. त्यासाठी मेणबत्तीचे तुकडे वितळवून त्यात फूल एकदाच बुडवावे आणि उलटे धरून निथळू द्यावे. मेणाचे भांडे मात्र गरम पाण्यात ठेवावे, थेट चुलीवर नाही. हे काम मोठ्यांनीच करावे.

कागदाचे फूल म्हणजे खोटे फूल, असे काहीजण नाक मुरडतात. दक्षिण कोरियात बुद्धजयंतीला कागदी पाकळ्या चिकटवून कमळाचे कंदील करतात आणि मिरवणुकीने नेतात. त्या उत्सवाला युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. तिथे कोणी त्याला खोटे म्हणत नाही. आपल्या कार्यालयांतून निरोपसमारंभाला वर्गणी काढून आणलेला पुष्पगुच्छ तिसऱ्या दिवशी केराच्या टोपलीत जातो, तो काय खरा?

फुले मात्र नीट झालेली असावीत. घाईने केलेली बारा देण्यापेक्षा नीट केलेली पाच द्यावीत. नेताना बुटांच्या रिकाम्या खोक्यात वर्तमानपत्राच्या कागदाचे बोळे घालून त्यांवर आडवी ठेवावीत, म्हणजे एसटीच्या गर्दीतही चुरगळत नाहीत. आणि खोक्यात वधूवरांच्या नावाची चिठ्ठी घालायला विसरू नये.