गाडी बघायचे पैसे घ्या!



गॅरेज टाकू पाहणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, कोणतं मशीन घेऊ?" मी उलट विचारतो, "गाडी नुसती बघायचे किती घेणार?" बहुतेक जण हसतात. "बघायचे कसले पैसे सर? काम निघालं की घ्यायचे ना!"

माझं मत स्पष्ट आहे. दोष शोधणं हेच खरं काम आहे. त्याचे पैसे घेतले नाहीत, तर प्रामाणिक राहणं तुम्हाला परवडणारच नाही. कसं, ते एका रोजच्या तक्रारीवरून बघू.

"सिग्नलला थांबलं की गाडी थरथरते"

चार सिलिंडरची पेट्रोल गाडी धरा. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर शांत हवं. इथे काटा नाचतोय, स्टिअरिंग हलतंय, मध्येच गाडी बंद पडते. संशयित किती? प्लग, कॉइल, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडीतला कार्बन, फाटलेला व्हॅक्यूम पाइप, अडकलेला पीसीव्ही किंवा ईजीआर व्हॉल्व्ह, कमी झालेलं कॉम्प्रेशन. तक्रार एक, संशयित सात!

आता अंदाजपंचे पद्धत बघा. आधी प्लग बदलले. फरक नाही. मग चारही कॉइल बदलले. तरी तेच. तिसऱ्या फेरीत कळलं की एक रबरी पाइप चिरलाय. गिऱ्हाइकाचे हजारो रुपये गेले, दोष होता पाइपचा. तो माणूस परत येईल का? आणि तो चार जणांना काय सांगेल?

मग शोधायचं कसं?

१. आधी विचारा. थरथर इंजिन गार असताना की गरम झाल्यावर? एसी लावल्यावरच का? पेट्रोलवर की सीएनजीवर? फक्त पेट्रोलवर असेल, तर पेट्रोलच्या इंजेक्टरकडे बोट जातं. फक्त सीएनजीवर असेल, तर किट आणि स्पार्क दोन्ही बघा, कारण सीएनजी पेटवायला जास्त ताकदीचा स्पार्क लागतो.

२. काटा बघा. काटा स्थिर, आवाज एकसारखा, पण केबिन हलतेय? मग इंजिन उघडण्याआधी माउंटिंग तपासा.

३. स्कॅनर लावा, पण कोडचा अर्थ समजून घ्या. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. 'कॉइल बदला' असं तो म्हणत नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळा कॉइल असेल, तर इंजिन बंद करून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरचे कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल चोर सापडला. कोड जागचा हलला नाही, तर हाच खेळ प्लगवर करा. मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. खर्च काय? थोडा वेळ!

४. चोरून शिरणारी हवा शोधा. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा. आयडलला बराच प्लस आणि २५०० आरपीएमला नॉर्मलकडे येत असेल, तर इनटेकमध्ये बाहेरची हवा शिरत असावी. ज्या गाड्यांत एअरफ्लो सेन्सरऐवजी मॅप सेन्सर असतो, तिथे ट्रिम फारसा न हलता आयडल वाढलेला किंवा वर-खाली होताना दिसू शकतो. वायरिंग सांभाळून पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी फवारा. आवाज बदलला की जागा सापडली.

५. थ्रॉटल बॉडी साफ केलीत, तर बऱ्याच इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत आयडल रिलर्न करावं लागतं. ते राहिलं तर आयडल आधीपेक्षा बिघडतो आणि नाव तुमचं खराब होतं.

आता धंद्याचं गणित

वरच्या पाच पायऱ्यांत एकही पार्ट विकला गेला नाही. पण तुमचं डोकं, वेळ आणि स्कॅनर वापरला गेला. तपासणी फुकट असेल, तर हा खर्च कुठून काढणार? पार्टमधून. मग पाइप चिरलाय हे दिसत असूनही हात कॉइलकडे जातो. माणूस वाईट असतो असं नाही, त्याची कमाईची पद्धतच त्याला तिकडे ढकलते.

समजा, तपासणीचे ४०० रुपये ठरवले. तीन सिलिंडरची गाडी आली. ही इंजिनं मुळातच चार सिलिंडरपेक्षा थोडी जास्त थरथरतात. तुम्ही सगळं तपासलंत आणि सांगितलंत, "साहेब, दोष काही नाही." तुम्हाला ४०० मिळाले, त्यांचा नको तो खर्च वाचला. फुकट बघणाऱ्याला हेच खरं वाक्य बोलायला तोटा सोसावा लागतो.

म्हणूनच "काम इथेच केलंत तर तपासणी फ्री" ही ऑफरही मला पटत नाही. त्यात काम काढायचा मोह पुन्हा मागच्या दाराने आत येतो.

"पण समोरचा फुकट बघतो ना सर!"

बघू दे. तुम्ही ४०० रुपयांत काय देता ते गिऱ्हाइकाच्या हातात दिसू द्या. एक लेखी चिठ्ठी द्या: काय तपासलं, दोष कुठे आहे, तो कशावरून ठरवला, कोणते पार्ट ठीक आहेत. ती चिठ्ठी घेऊन त्याला दुसरीकडे काम करायचं असेल, तर खुशाल करू दे. बदललेला जुना पार्ट परत द्या. सुरुवातीला काही जण परत जातील, हे धरून चाला. जे थांबतील, त्यांच्यावर गॅरेज उभं राहील.

या आठवड्याचं काम

दोन गोष्टी करा. ओळखीच्या एका चांगल्या गाडीला स्कॅनर लावून आयडलचे आकडे वहीत उतरवा. निरोगी गाडी कशी असते हे माहीत नसेल, तर आजारी कशी ओळखणार? आणि दुसरी, गॅरेजचा बोर्ड रंगवाल तेव्हा पहिली ओळ लिहा, 'तपासणी शुल्क' आणि पुढे तुमचा आकडा. तो आकडा मोठ्याने बोलायचा सराव आजच करा. पहिल्यांदा जीभ अडखळेल. चालेल!