अनुदान जमिनीस कीं श्रमास?

शेतकऱ्यास सरकारनें साह्य करावें कीं नाहीं, हा प्रश्न आतां वादाचा राहिलेला नाहीं. अवर्षण आणि पडता बाजारभाव यांच्या कात्रींत सांपडलेल्या कृषीवलास राजसत्तेनें हात द्यावयाचा नाहीं, तर ती राजसत्ता हवी कशाला? खरा वाद निराळाच आहे. शेतकऱ्याच्या नांवानें खजिन्यांतून निघालेला पैसा पडतो कोणाच्या पदरांत? याचें उत्तर ज्यांस हवें असेल, त्यांनीं अमेरिकेंतील आर्कन्सॉ संस्थानांतल्या पॉइन्सेट काउंटीचा इतिहास पाहावा.

इ. स. १९३३ सालीं कापसाचा भाव कोसळलेला असतां, अमेरिकन सरकारनें उभें पीक नांगरून टाकण्याबद्दल पैसे देऊं केले. त्या एका हंगामांत एक कोटी एकरांहून अधिक कापूस मातींत गेला व दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वांटली गेली. ही रक्कम गिरण्यांवर बसविलेल्या करांतून, म्हणजे अखेर कापड घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्याच खिशांतून यावयाची होती. परंतु तिचा मोठा वांटा गेला जमीनमालकाकडे. लागवड घटतांच वाटेकऱ्यांची गरज संपली, आणि ज्यांच्या घामावर मळे उभे होते, त्यांचींच बिऱ्हाडें रस्त्यावर आलीं. १९३४ च्या जुलैंत याच काउंटींतील टायरोन्झा गांवीं काळ्या व गोऱ्या वाटेकऱ्यांनीं एकत्र येऊन आपला संघ स्थापिला, तो या अन्यायामुळेंच.

कायद्यांत तरतूद नव्हती काय? होती. मालकानें ‘शक्य तोंवर’ नेहमींइतकीं कुळें ठेवावीं, असें करारांत कलम होतें. याचा अर्थ तींच माणसें ठेवावीं असा होतो, असें मत शेतकी खात्यांतील वकील जेरोम फ्रँक यांच्या कचेरीनें दिलें. परिणाम काय झाला? १९३५ च्या फेब्रुवारींत तो अर्थ रद्द ठरला आणि फ्रँक व त्यांचे सहकारीच नोकरींतून गेले! पळवाट ठेवून लिहिलेलें कलम दुबळ्याचें रक्षण करीत नाहीं. तें बलवानाच्याच कामीं येतें.

हें जुनें झालें, असें कोणी म्हणेल. परंतु १९९६ च्या कायद्यानें पूर्वींच्या लागवडीच्या एकरांवर पैसे देण्याचें ठरविलें, व पेरणी केली नाहीं तरी ते मिळत. हा प्रकार २०१४ सालीं बंद झाला. तथापि जुन्या नोंदींतील एकरांवर मोजणी करण्याची रीत अद्यापि गेलेली नाहीं. माणशीं मर्यादा आहे खरी. पण २०१८ च्या कायद्यानें चुलत भावंडें व पुतणेभाचे यांसहि कुटुंबांत धरलें आणि २०२५ सालीं ती मर्यादाच १,२५,००० वरून १,५५,००० डॉलरांवर नेली.

याचा आमच्या वाचकांशीं संबंध काय? अमेरिकन अनुदानानें जगांतील कापसाचे भाव दबतात, ही ब्राझीलची २००२ ची फिर्याद जागतिक व्यापार संघटनेपुढें टिकली व २०१४ सालीं अमेरिकेनें ३० कोटी डॉलर देऊन ती मिटविली. तोच दबलेला भाव वऱ्हाडच्या शेतकऱ्यासहि भोंवतो. तथापि दुसऱ्यास नांवें ठेवण्यापूर्वीं आपलें घर पाहावें. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षास ६,००० रुपये सातबाऱ्यावरील मालकास मिळतात. बटाईनें कसणारा भूमिहीन तेथें शेतकरीच ठरत नाहीं. पैसे ज्यांस मिळाले त्यांची यादी गांववार पाहावयास मिळते. पण यादींत जे नाहींत, त्यांची यादी कोण करणार?

कूळ कायद्याच्या भीतीनें मालक लेखी करार करीत नाहीं आणि करार नाहीं म्हणून कसणाऱ्यास पुरावा नाहीं. तेव्हां मालकी न बदलणारा, ठराविक मुदतीचा लेखी करार कायद्यानें सुलभ करावा, पीकपाहणींत कसणाऱ्याचें नांव चढवावें व साह्य त्या नांवास द्यावें. मालकाचें यांत कांहीं बुडत नाहीं. कर भरणाऱ्या व्यापाऱ्यानेंहि हीच मागणी केली पाहिजे, कारण पैसा त्याचाहि आहे. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो. आणि पॉइन्सेटमध्यें तो कसा सोकावला, हें आपण पाहिलेंच आहे.