सांध्यातील पोलादी तंतू

मीरा-भाईंदरात बांधकामावर उभे राहून भूकंपाचा विषय काढला, की ‘इकडे कसला आलाय भूकंप?’ हा पूर्वपक्ष मक्तेदाराच्या मुखातून तत्काळ बाहेर पडतो. परंतु भूकंपविषयक भारतीय मानक (आयएस) १८९३ च्या २०१६ सालच्या नकाशाने हे शहर तिसऱ्या भूकंप-परिमंडळात घातले आहे, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा धक्का मुंबईपर्यंत जाणवला होता, आणि २००१ साली भुजच्या भूकंपाने दोनशे किलोमीटरांहून दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती जमीनदोस्त केल्या, हे ज्याला ठाऊक आहे त्याला खाडीकाठी, मिठागरांच्या शेजारी उठलेल्या मजल्यांविषयी इतके निश्चिंत राहवणार नाही.

अशा प्रसंगी खरी कसोटी लागते ती तुळई आणि खांब यांच्या सांध्याची. इमारत झुलू लागली, की सांध्याच्या गाभ्यात तिरपा ताण उत्पन्न होऊन फुलीसारख्या भेगा पडतात. तेथे खांबाच्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगा अवश्य हव्यात; पण तुळईच्या सळ्या एकदा खाली सोडल्या, की रिंग ओवण्यास वावच उरत नाही, आणि फिटर ती गाळतो. (त्याला दोष देणाऱ्याने एकदा त्या दाटीत हात घालून पाहावा.) अशा ठिकाणी ३० ते ६० मिलिमीटर लांबीचे, वाकड्या टोकांचे पोलादी तंतू काँक्रीटमध्ये मिसळले असतील, तर ते भेगेचे दोन्ही काठ धरून ठेवतात आणि हळूहळू उपसले जाताना धक्क्याची ऊर्जा जिरवतात. संशोधक हेनेगर यांनी अशा सांध्यावरील प्रयोग अमेरिकेत १९७७ सालीच प्रसिद्ध केला होता. तेव्हा ही कालपरवाची टूम नव्हे.

तथापि ‘मग रिंगा कशाला?’ असे म्हणणारे तंतूंचे भाविकही तितकेच चुकतात. तंतू मिक्सर नेईल तिकडे पसरतात, प्रमाण वाढले की त्यांचे गोळे होतात, आणि खांबाच्या उभ्या सळ्या बाहेर फुगू न देण्याचे काम त्यांच्यावर सोपवता येत नाही. भारतीय मानक १३९२० चा हुकूमही सांध्यातून रिंगा नेण्याचाच आहे.

खाऱ्या हवेत तंतू गंजतील, हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. पृष्ठभागावरचे तंतू गंजून तांबूस ठिपके दिसतील. पण इतक्या बारीक तारेचा गंज, जाड सळईच्या गंजाप्रमाणे, काँक्रीटचे पापुद्रे उडवीत नाही.

राहिला खर्च. तंतू काँक्रीटच्या आकारमानाच्या १ टक्का घातले, म्हणजे घनमीटरला सुमारे ७८ किलो पोलाद. सबंध स्लॅबला ही उधळपट्टीच, म्हणून ते सांध्यापुरतेच घालावे. रेडीमिक्सची गाडी सगळीकडे एकच माल ओतते, तेव्हा तंतूंचा माल जागेवरच्या लहान मिक्सरात कालवून, आधी सांध्यात भरून, व्हायब्रेटर लावून, तो ओला असतानाच बाकीचा ओतावा लागेल. स्लॅबच्या दिवशी मुकादमाला हे जाचक वाटेल, वाटू द्यावे.