गणवेश खेळाडूचा, निर्णय कुणाचा?

मुलगी आठवी-नववीत जाते, कबड्डीच्या संघात तिचे नाव लागते, अर्धी चड्डी आणि अंगाबरोबरची जर्सी घरात येते, आणि तिथेच तिचा खेळ थांबतो. परंदवडीसारख्या मावळातल्या गावांना हे नवे नाही. बाप म्हणतो, ‘लोक काय म्हणतील?’ आई गप्प.

घट्ट कपडा म्हणजे बेशरमपणा, असे आम्ही मानत नाही. कबड्डीत कपडे धरून पकड करता येत नाही, तरी झटापटीत सैल जर्सीत बोटे अडकतातच. खो-खोत सूर मारताना गुडघे सोलवटतात. तिथे घोट्यापर्यंतची अंगाबरोबरची पँट बरी. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. त्यांच्या घरच्यांनी कपड्यावरून दार लावले असते तर?

पण दुसऱ्या बाजूचा जुलूमही ओळखावा. जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०११ साली महिलांना स्कर्टची सक्ती ठरवली. कारण काय, तर खेळ आकर्षक दिसावा! विरोध झाला आणि २०१२ मध्ये ती सोडावी लागली. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला संघाने वाळूवरच्या हँडबॉलमध्ये तोकड्या बिकिनीऐवजी चड्डी घातली, तर १५०० युरो दंड झाला. पुढे नियम बदलला, तरी पुरुषांची चड्डी ‘फार ढगळ नको’ आणि बायकांची मात्र ‘घट्टच हवी’, हा फरक ठेवलाच.

घरचे म्हणतात झाक, महासंघ म्हणतो दाखव. खेळणारीला कुणी विचारत नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आमच्या आज्या-पणज्यांना अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची तऱ्हा टाकायला सांगितले, आणि त्यांनी ती टाकली. लुगडे घोट्यापर्यंत आले. प्रश्न लांबीचा नव्हताच, खूण कोण लादतो याचा होता.

आणखी एक गोष्ट घरात उघड बोलली जात नाही. पाळीच्या दिवसांत पांढरी चड्डी असली की मुलीचे अर्धे लक्ष मागे राहते. पांढऱ्याचा एवढा हट्ट धरणाऱ्या विम्बल्डननेही २०२३ पासून आत गडद चड्डी घालायची मुभा दिली. आपल्या शाळांना ते काय जड आहे?

तेव्हा मातापित्यांनो, किट शिवायला टाकण्याआधी क्रीडाशिक्षकांना भेटा. रंग गडद मागा. चड्डी की पूर्ण पँट, हे संघातल्या मुलींना ठरवू द्या. कपडे बदलायला आतून कडी असलेली खोली आहे का, ते स्वतः पाहून या. आणि आईला एकटीला पाठवू नका, बापानेही सोबत जावे.