यंत्र जेव्हा 'अं?' म्हणे

साठ वर्षांपूर्वीच्या गणकयंत्रांविषयी बोलताना त्यांच्या अवाढव्य आकाराचे वर्णन पुष्कळ होते. त्यांच्यापुढे माणसाला किती तिष्ठावे लागे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. गणित कागदावर मांडायचे, ते कार्डांवर छिद्रांच्या रूपाने उतरवायचे, कार्डांची चळत आत द्यायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तर न्यायला यायचे, असा शिरस्ता. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर उत्तराऐवजी चूकच हाती पडे आणि पुन्हा रांग. 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा घेऊन आलेला अर्ज ज्याने पाहिला आहे, त्याला हा अनुभव अपरिचित वाटणार नाही. यंत्राचा वेळ महाग, तेव्हा माणसाने थांबावे, हा त्यामागील हिशेब होता.

तो हिशेब ज्यांनी उलटा मांडला त्यांत जे. क्लिफर्ड शॉ यांचे नाव अग्रभागी हवे. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे रँड कॉर्पोरेशनमध्ये जॉन फॉन नॉयमन यांच्या नावावरून 'जॉनिॲक' म्हटले जाणारे यंत्र १९५३ पासून चालत होते. दहा वर्षांनी, ते म्हातारे झाले असताना, शॉ यांनी त्यावर 'जॉस' ही प्रणाली उभी केली. संशोधकाने टंकयंत्रापुढे बसावे, साध्या इंग्रजी आज्ञार्थी वाक्यात गणित सांगावे आणि उत्तर तिथल्या तिथे घ्यावे. एकाच यंत्राशी अनेकांना एकाच वेळी असे बोलता येई. माणसाचे लिखाण हिरव्या शाईत, यंत्राचे काळ्या. कोणते वाक्य कोणाचे, याविषयी नंतरही संशय नको. वाक्याअखेरचा पूर्णविराम राहिला, तरी यंत्र एकच शब्द उमटवी: 'एह?'; आपल्या भाषेत 'अं?'

आम्हांला या 'अं?'चे मोल फार वाटते. आपल्याला समजले नाही, एवढे सांगून ते यंत्र थांबे. अंदाजाने काहीतरी ठोकून देत नसे. पायऱ्यांना क्रमांक असत. गणित मध्येच अडले तर कोणत्या पायरीवर ते कळे आणि तेवढी पायरी सुधारून तेथूनच पुढे जाता येई. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाचे गणित चुकले की चांगला शिक्षक हेच करतो. तो सगळे पुसायला लावीत नाही आणि खडू हिसकावून स्वतःही सोडवीत नाही.

१९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कर्ट्झ यांनी 'बेसिक' भाषा आणली आणि गणिताखेरीज अन्य विषयांचे विद्यार्थीही यंत्राशी बोलू लागले. पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे.

आज गणिताचे छायाचित्र काढताच पायऱ्यांसकट उत्तर हजर होते. कधी चुकीचे, पण तितक्याच ठाम स्वरात. ही सोय नाकारण्याचा करंटेपणा आम्ही सुचवीत नाही. मात्र शाळांसाठी अशी साधने निवडणाऱ्यांनी खरेदीपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. विद्यार्थ्याची पायरी कोणती आणि यंत्राची कोणती, हे शिक्षकाला ओळखता येते काय? आणि अर्धवट मांडलेला प्रश्न समोर आला, तर ते यंत्र 'अं?' म्हणते काय?