राणी व्हिक्टोरियाच्या काळातील मावळ

१८३७ साली व्हिक्टोरिया राणी इंग्लंडच्या गादीवर आली, तेव्हा मावळातील भोर व वेल्हे हा डोंगराळ मुलूख पंतसचिवांच्या, म्हणजे अष्टप्रधानांपैकी राज्याचे दफ्तर तपासणाऱ्या मंत्र्याच्या वंशजांच्या, जहागिरीत मोडत होता. वर सातारच्या छत्रपतींचे स्वामित्व आणि त्याहीवर १८२० च्या कराराने आलेली कंपनी सरकारची हमी होती. १८३९ मध्ये सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा होऊन भोरचा संबंध थेट इंग्रजांशी जडला.

शिवकालावर भरभरून लिहिणारे अभ्यासक या दशकांकडे क्वचितच वळतात, आणि ही उपेक्षा समर्थनीय नाही. त्याच सुमारास व्हिक्टोरियाच्याच राज्यातील वेल्समध्ये कोळसा व लोखंड यांनी खोरीच्या खोरी बदलून टाकली. मावळात मात्र यंत्र आले नाही. शेजारच्या पुणे जिल्ह्यात गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीनमोजणी १८३६ पासून इंदापुरात सुरू झाली असता, इकडे देशमुख-पाटलांची वतनी चौकट टिकून राहिली. खाचरात भात आणि उतारावर नाचणी-वरी पिकत असे, आणि रोपांसाठी राब, म्हणजे शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून जाळलेली जमीन, पावसाआधी तयार करावी लागे. संस्थानाच्या तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी किल्ल्यांचीच नावे होती. त्यांपैकी प्रचंडगड म्हणजे तोरणा.