बोंडअळी पाहिलेल्या गावातली कात्री



'मन की बात'मध्ये 28 डिसेंबर 2025 ला पंतप्रधानांनी आयसीएमआरच्या अहवालाचा दाखला देत सांगितले, न्यूमोनियावर आणि लघवीच्या संसर्गावर अँटिबायोटिक्स लागू पडेनाशी होत आहेत, मनाने गोळ्या घेऊ नका. त्याच आठवड्यात कळंबच्या एका मेडिकलवर एक गिऱ्हाईक म्हणाले, "भाऊ, मागच्याच द्या, भारीतल्या." चिठ्ठी कोणी मागितली नाही. दुकानातल्या पोराने सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या पानातून कात्रीने चार गोळ्या कापल्या. धोक्याची लाल रेघ उरलेल्या तुकड्यावरच राहिली. बिल नाहीच.

सेफिक्झिम 'एच-1' यादीतले औषध. 1 मार्च 2014 पासून ते विकताना डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव आणि गोळ्या किती, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. ॲझिथ्रोमायसिन तर या यादीतही नाही. त्याला चिठ्ठी लागते, वही नाही. मग उपदेश एकट्या गिऱ्हाइकालाच का?

कापूस पिकवणाऱ्या तालुक्याला हे समजावून सांगायची गरज नाही. अळीला मारणारे विष अंगातच असलेल्या, 2006 मध्ये आलेल्या बीटी-2 कापसाला 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यात धूप घातली नाही. साध्या अळ्याही टिकाव्यात म्हणून पाकिटासोबतची 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी कडेने पेरायची होती. कितीकांनी ती फेकून दिली. विषातून तगलेल्या अळीचीच पिल्लावळ वाढली. चार गोळ्यांत नाजूक जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, तसेच हे. वर जंतू आपला हा गुण शेजारच्या जंतूलाही देऊन टाकतो. अळीला निदान ते जमत नाही!

'लॅन्सेट'मधल्या जागतिक अभ्यासामागच्या संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे 2019 या एका वर्षात भारतात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट 2 लाख 97 हजार माणसे दगावली. दिवसाला आठशेच्या वर. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात माणसे गेली, तेव्हा कुठे सरकारी गाड्या धावल्या. या आठशेंसाठी एकही गाडी हलत नाही, कारण त्यांच्या मरणाच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा सेप्सिस लिहिलेले असते.

आणि मनाने गोळ्या घेणाऱ्या मजुराला दोष देणेही सोपे आहे. डॉक्टर गाठायचा तर फी जाते, रोजही बुडतो. वेचणीहून तो सातला परततो, तेव्हा उघडे असते ते मेडिकलच. वेचणीच्या दिवसांत तरी सरकारी दवाखान्यात रात्री नऊपर्यंत डॉक्टर बसवावा, आणि अन्न व औषध प्रशासनाने वही तपासायला यावे तेही त्याच वेळी, न कळवता.

– एक वाचक, कळंब (जि. यवतमाळ)